पुढच्याच्या आवाजावर

दहा मीटर अंतरावर सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचं लक्ष्य. बर्फावर अंथरलेली चटई, तिच्यावर पालथी पडलेली खेळाडू, कानांवर हेडफोन आणि हातात गोळी नसलेली बंदूक. कित्येक किलोमीटर बर्फ तुडवून ती आताच इथे पोहोचली आहे. श्वास लागलेला, हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर. लक्ष्य तिला दिसत नाही. दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण ती जन्मांध आहे. ती बंदुकीचं टोक किंचित डावीकडे सरकवते, तसा कानातला सूर चढतो. आणखी थोडं सरकवते, तर तो उतरतो. म्हणजे पुढे गेलो, मागे यायला हवं. सूर सर्वांत उंच लागतो तिथे लक्ष्याचा मध्य. दोन ठोक्यांच्या मधली फट साधायची आणि चाप ओढायचा. असं पाच वेळा. मग उठून पुन्हा धावायचं.

बायथलॉन म्हणजे बर्फावरचं क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि नेमबाजी यांची जोडशर्यत. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९८८ साली इन्सब्रुकला आला, पण तेव्हा तो फक्त शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी होता. दृष्टिहीनांना त्यात जागा मिळाली ती १९९२ मध्ये. ध्वनीवर नेम धरण्याची यंत्रणा त्यामुळेच महत्त्वाची ठरली. बंदुकीतून गोळीऐवजी किरण सुटतो आणि नेम किती चुकतोय ते यंत्र सुराच्या पट्टीतून सांगतं. एरवीच्या बायथलॉनमध्ये खेळाडू बंदूक पाठीवर बांधून धावतात. इथे ती नेमबाजीच्या जागीच ठेवलेली असते. चुकीची शिक्षा मात्र डोळस खेळाडूंसारखीच: लांब शर्यतीत हुकलेल्या प्रत्येक नेमामागे वेळेत एक मिनिट जोडलं जातं, छोट्या शर्यतीत जादा फेरी मारावी लागते. दमलेल्या पायांना ती फेरी किती लांब वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

बायथलॉन आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग मिळून चार पॅरालिम्पिक स्पर्धांमधून बारा सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य अशी सोळा पदकं मिळवणारी वेरेना बेंटेले ही जर्मन खेळाडू. तिची कारकीर्द पदकांच्या यादीतून नीट कळत नाही. ती कळते तिच्या पुढे धावणाऱ्या माणसाकडे पाहिल्यावर.

वेरेनाचा जन्म २८ फेब्रुवारी १९८२चा, दक्षिण जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावरच्या लिंडाऊ गावातला. आईवडील शेतकरी, टेटनांगच्या परिसरात सेंद्रिय शेती करणारे. हा प्रदेश सफरचंदांचा आणि बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचा. घरात तीन मुलं: वेरेना आणि तिचा मोठा भाऊ मिखाएल दोघंही जन्मांध, तिसरा भाऊ डोळस. अंध मुलांना जपून, हाताला धरून वाढवायची रीत या घराला नव्हती. मुलं सायकल चालवत, झाडांवर चढत, पडत आणि पुन्हा उठत. आपल्याकडेही अपंग मुलाला घरच्यांची माया कितीदा खुर्चीला बांधून ठेवते, हे आठवलं की या शेतकरी जोडप्याचं धाडस नजरेत भरतं. पुढे खेळात जे घडलं त्याचा पाया त्या अंगणातच घातला गेला असं म्हणायला हरकत नाही.

क्रॉस-कंट्रीच्या पट्ट्या तिच्या पायांना लागल्या त्या दहा वर्षांच्या आसपास. उतारावरून भन्नाट घसरण्याचं स्कीइंग आपण चित्रपटांतून पाहिलेलं असतं, पण हे ते नव्हे. यात चढ असतात, सपाटी असते, वळणं असतात आणि बरंचसं अंतर हातातल्या काठ्या आणि फुप्फुसं यांच्या जोरावर कापावं लागतं. त्याच्या दोन शैली आहेत. पारंपरिक शैलीत बर्फात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात आणि पट्ट्या त्यांतून सरकतात. अंध खेळाडूला त्यांचा मोठा आधार, कारण रस्ता पायांनाच कळतो. दुसऱ्या शैलीत स्केटिंगसारखं पाय बाजूला फाकत पुढे जायचं असतं. तिथे खाचा नाहीत, नुसता रुंद, गुळगुळीत बर्फ. रस्ता डावीकडे वळला हे सांगायला फक्त आवाज उरतो.

तो आवाज गाइडचा. दृष्टिहीन गटात शर्यत सहसा एकाची नसते, जोडीची असते. गाइड काही पावलं पुढे धावतो, सतत बोलत राहतो आणि मागची व्यक्ती त्या आवाजाचा माग काढत येते. पूर्ण अंध खेळाडूसाठी तो ठेक्यात एखादा छोटासा उच्चार पुन्हा पुन्हा करत राहतो, म्हणजे दिशाही कळते आणि आपल्यातलं अंतरही. मध्येच एकेका शब्दाच्या सूचना: चढ, उतार, डावं, उजवं, थांब. वाऱ्यात आवाज विरू नये म्हणून पुष्कळ जण पाठीला किंवा कमरेला छोटा स्पीकर बांधतात. पदक मिळालं तर ते गाइडच्याही गळ्यात पडतं, आणि ते रास्तच आहे. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्माने २०० मीटर धावण्यात कांस्य मिळवलं तेव्हा तिच्यासोबत धावणारा अभय सिंग भारतीय प्रेक्षकांनी पाहिला. धावपट्टीवर दोघांच्या हातात एक दोरी तरी असते. बर्फावरच्या जोडीत तीही नाही.

गाइडची पहिली अट अशी की त्याने खेळाडूपेक्षा वेगवान असलं पाहिजे, तेही बोलत बोलत आणि मान वळवून मागे पाहत. जगज्जेत्या खेळाडूला असा गाइड सहज सापडत नाही. जो सापडतो तो बहुधा स्वतः स्पर्धक म्हणून काही वर्षं घालवलेला असतो.

गटांची आकडेमोड थोडी किचकट आहे, पण ती टाळता येत नाही. वेरेनाच्या काळात पूर्ण अंधांचा गट होता बी-१, अगदी अंधुक दिसणाऱ्यांचा बी-२ आणि त्याहून थोडं अधिक दिसणाऱ्यांचा बी-३. तिघंही एकाच शर्यतीत उतरतात आणि प्रत्येकाच्या वेळेला ठरावीक टक्केवारी लावली जाते. बी-१ची टक्केवारी समजा ८८ धरली, तर त्या खेळाडूने प्रत्यक्षात घेतलेली ५० मिनिटं हिशेबात ४४ होतात. बी-१मधल्या सगळ्यांना काळा, अपारदर्शक चष्मा घालावाच लागतो, म्हणजे कुणाला प्रकाशाची तिरीप जाणवत असेल तर तोही फायदा उरत नाही. या टक्केवारीवरून कुरबुरी होत असतात, आणि होणारच. न दिसण्याचं मोल सेकंदांत मांडायचं तर कुणाचं तरी समाधान होणार नाहीच.

१९९८ साली जपानमधल्या नागानोला वेरेना पहिल्यांदा पॅरालिम्पिकला उतरली ती सोळा वर्षांची असताना, आणि पहिलं सुवर्ण घेऊनच परतली. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत चार सुवर्णं. २००६ मध्ये तोरिनोला आणखी दोन. मधल्या काळात मारबुर्गच्या प्रसिद्ध अंधशाळेतलं शिक्षण संपवून ती म्युनिकच्या विद्यापीठात जर्मन साहित्य शिकू लागली होती. सव्विसाव्या वर्षी तिच्याकडे सगळं काही होतं.

मग जानेवारी २००९ उजाडला. आल्गॉय भागातल्या नेसेलवांगला जर्मन राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. एका वळणावर गाइडच्या तोंडून डाव्या-उजव्याची गफलत झाली. एका शब्दाची चूक, पण वेरेनाने तो शब्द ऐकला आणि नेहमीसारखा पाळला. सांगितलेल्या दिशेला रस्ता नव्हताच. ती उतारावरून थेट एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात कोसळली. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, बोटाला दुखापत झाली, यकृत आणि मूत्रपिंड यांनाही इजा झाली.

त्या गाइडला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि निरर्थकही. भरधाव वेगात, धापा टाकत, मागे पाहत बोलणाऱ्या माणसाची जीभ एकदा घसरली. आपण रिक्षावाल्याला ‘उजवीकडे घ्या’ म्हणत हात डावीकडे करतोच की. फरक इतकाच की रिक्षावाल्याला रस्ता दिसत असतो.

गुडघा शस्त्रक्रियेने बरा होतो. त्याचा कालावधी डॉक्टर सांगू शकतात. पुढून आलेला शब्द पुन्हा न पारखता पाळायचा की नाही, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. शिवाय इथे अर्धवट विश्वासाला जागाच नाही. उतारावर ‘उजवं’ ऐकल्यावर अर्धा सेकंद जरी मनाने खात्री करून घेतली, तरी वळण निघून जातं. म्हणजे भीतीपोटी सावध राहिल्याने धोका कमी होत नाही, उलट वाढतो. तेव्हा पर्याय दोनच होते: खेळ सोडणं किंवा दुसऱ्या कुणाच्या मागे, पहिल्यापासून, पुन्हा धावायला शिकणं.

वेरेनाने दुसरा पर्याय निवडला. नवा गाइड होता थोमास फ्रीडरिश. व्हँकुव्हरचं पॅरालिम्पिक जेमतेम वर्षभरावर आलेलं. तिने नंतर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, आणि या सगळ्याचा विषय एकच: विश्वास कसा तयार होतो. ‘विश्वास ठेवावा, पण नियंत्रण त्याहून बरं’ अशा अर्थाचं एक वचन जर्मनीत सर्रास ऐकू येतं. २०१४ मधल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच तिने ते उलटं फिरवलं. पुस्तकाचं नाव ऐकून ते गोड-गोड प्रेरणादायी वाटेल, पण तिच्या म्हणण्याला धार आहे. विश्वास ही मनाची भोळी अवस्था नव्हे, ते काम आहे. आधी सोप्या रस्त्यावर, मग अवघड. शब्द आधी ठरवायचे आणि ठरलेलेच वापरायचे. चूक झाली तर लपवायची नाही. एवढं सगळं झालं की मग शर्यतीच्या दिवशी डोकं बाजूला ठेवून ऐकायचं.

मार्च २०१०. व्हिस्लरजवळच्या कॅलघन खोऱ्यातले ट्रॅक. वेरेनाने बायथलॉनच्या दोन आणि क्रॉस-कंट्रीच्या तीन शर्यतींत भाग घेतला: तीन किलोमीटरचा पाठलाग, साडेबारा किलोमीटरचं बायथलॉन, पाच किलोमीटर पारंपरिक शैलीत, पंधरा किलोमीटर मुक्त, म्हणजे स्केटिंगसारख्या शैलीत आणि शेवटी एक किलोमीटरची स्प्रिंट. पाच शर्यती, पाच सुवर्ण. प्रतिस्पर्ध्यांमध्ये रशियाचा भक्कम संघ होता. सतरा वर्षांची मिखालिना लिसोवा तिथेच पहिल्यांदा चमकली. पाचांतला कोणता विजय मोठा, यावर तज्ज्ञ वाद घालोत. या लेखकाला विचाराल तर लांब, खाचा नसलेल्या पंधरा किलोमीटरचा. नेसेलवांगनंतर चौदा महिन्यांनी, नुसत्या आवाजावर उतारावरून स्वतःला सोडून देणं हे तिथे सर्वांत जास्त वेळा करावं लागलं असणार.

२०११ मध्ये लॉरियस पुरस्कारांत अपंग खेळाडूंच्या विभागातला जागतिक सन्मान तिला मिळाला आणि त्याच सुमारास तिने स्पर्धा थांबवल्या. २०१३ मध्ये ती किलिमांजारो चढून आली.

जोडीचं हे गणित किती वेगवेगळ्या प्रकारे सुटतं ते पाहायचं तर कॅनडातल्या ब्रायन मॅककीव्हरकडे वळावं लागेल. दृष्टिहीन स्कीअरांमध्ये सर्वांत गाजलेलं नाव त्याचं. १९७९चा जन्म, कॅल्गरीतला. तीन वर्षांचा असल्यापासून तो बर्फावर आहे. एकोणिसाव्या वर्षी स्टारगार्ट या आनुवंशिक आजाराचं निदान झालं. वडिलांनाही तोच होता. या आजारात दृष्टीचा मध्यभाग पुसला जातो आणि कडा शिल्लक राहतात: समोरच्याचा चेहरा गायब, पण त्याच्या खांद्यापलीकडचं झाड दिसतं. ब्रायनच्या डोळ्यांत दहा टक्क्यांहूनही कमी दृष्टी उरली. त्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्याचा थोरला भाऊ रॉबिन नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडासाठी धावून आला होता. पुढे तोच धाकट्याचा गाइड झाला. घरातच ऑलिम्पियन गाइड मिळावा हे नशीब कुणाच्या वाट्याला येतं!

वेरेना पूर्ण अंध, ब्रायन बी-३. त्यामुळे त्यांच्या जोड्यांचा स्वभावही वेगळा. वेरेनाला गाइडचा अखंड आवाज हवा. ब्रायन कडेच्या नजरेतून पुढची हालचाल टिपू शकतो, त्याला गाइड हवा तो मार्ग आणि वेग ठरवायला. टक्केवारीचा फायदा त्याला जवळपास नव्हताच, म्हणून गाइडला खरोखरच जागतिक दर्जाचं धावावं लागे. रॉबिन चाळिशीकडे झुकला तसं हे जमेना. तो प्रशिक्षक झाला आणि पुढे धावायला तरुण स्कीअर आले. लांबच्या शर्यतीत तर दोन गाइड आळीपाळीने पुढे राहत, कारण एकट्याचा दम ब्रायनला पुरत नसे.

२०१४च्या सोचीतली त्याची स्प्रिंट इंटरनेटवर आजही पाहिली जाते. टक्केवारीनुसार स्प्रिंटमध्ये बी-१ आधी सुटतात आणि बी-३ सर्वांत शेवटी, त्यामुळे ब्रायनला मुळातच सगळ्यांना मागून गाठायचं होतं. त्यात सुरुवातीलाच अडखळून तो आडवा झाला. गाइड ग्रॅहम निशिकावा पुढे थांबून राहिला. एक किलोमीटरच्या शर्यतीत एवढा वेळ गेला म्हणजे खेळ खलास, असंच कुणीही म्हटलं असतं. ब्रायन उठला, निशिकावाच्या मागे लागला आणि एकेकाला मागे टाकत सुवर्ण घेऊन गेला. २०२२च्या बीजिंगपर्यंत त्याच्या खात्यात सोळा सुवर्णं जमली. हिवाळी पॅरालिम्पिकच्या पुरुष खेळाडूंमध्ये एवढी सुवर्णं फक्त जर्मनीच्या गेर्ड श्योनफेल्डरकडे आहेत.

पण ब्रायनच्या कारकिर्दीतलं सर्वांत बोचरं पान पदकाचं नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकसाठी, पॅरालिम्पिक नव्हे, डोळसांच्या ऑलिम्पिकसाठी, कॅनडाच्या संघात त्याची निवड झाली. आदल्या डिसेंबरात कॅनमोरला पन्नास किलोमीटरची शर्यत जिंकून त्याने ती जागा कमावली होती. एकाच वर्षी हिवाळी ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक अशा दोन्ही संघांत निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीसाठी कॅनडाला चार जागा होत्या. ऐनवेळी प्रशिक्षकांनी त्या इतर चौघांना दिल्या, कारण आधीच्या शर्यतींत ते उत्तम धावले होते. खेळाचा निकष लावला तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. तरीही तो आठवला की हळहळ वाटते. काही दिवसांनी त्याच भागात, भावाच्या मागे धावत, ब्रायनने पॅरालिम्पिकची तीन सुवर्णं मिळवली. ऑलिम्पिकची सुरुवातीची रेषा त्याला पुन्हा मिळाली नाही.

वेरेना बेंटेलेच्या आयुष्याने दुसरं वळण घेतलं. जानेवारी २०१४ मध्ये जर्मन सरकारने तिला अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीची आयुक्त नेमलं. हे पद सांभाळणारी, स्वतः अपंगत्व घेऊन जगणारी ती पहिलीच व्यक्ती. खेळाडूंना शोभेची पदं देण्याची हौस सगळ्याच देशांतल्या सरकारांना असते, आणि ‘बारा सुवर्णांची विजेती’ हे नाव फलकावर छान दिसतं. इथे प्रकरण शोभेपुरतं राहिलं नाही. तिचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला काळ म्हणजे अपंगांच्या सहभागासाठीच्या नव्या संघीय कायद्याची चर्चा.

मुद्दा पैशाचा होता. जर्मनीत ज्यांना रोजच्या जगण्यासाठी साहाय्यक लागतो, त्यांचा खर्च सरकार उचलायचं, पण अट अशी की त्या व्यक्तीने २,६०० युरोंपेक्षा जास्त शिल्लक जवळ बाळगायची नाही. शिकलेला, नोकरी करणारा, कर भरणारा माणूस, पण मदतनीस लागतो म्हणून आयुष्यभर बचत करू शकत नाही. लग्न केलं तर जोडीदाराचं उत्पन्नही हिशेबात धरलं जाई. ज्या स्त्रीने स्वतः दुसऱ्याच्या मदतीने जगातल्या सर्वोच्च पदकांपर्यंत मजल मारली, तिला या अटीतला अपमान वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. गाइड लागणं म्हणजे दुबळं असणं नव्हे, हे तिच्या सोळा पदकांवर कोरलेलंच होतं.

मे २०१६ मध्ये कायद्याच्या मसुद्यावर नाराज कार्यकर्त्यांनी बर्लिनमध्ये संसदेजवळ स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. सरकारची आयुक्त असूनही वेरेनाने मसुद्यातल्या उणिवांवर उघड टीका केली. वर्षअखेर कायदा मंजूर झाला. बचतीची मर्यादा आधी २७,६०० आणि २०२० पासून सुमारे पन्नास हजार युरोंवर गेली, जोडीदाराचं उत्पन्न हिशेबातून बाहेर पडलं. कार्यकर्त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं नाही. जे मिळालं त्याची किंमत ज्याने लग्न पुढे ढकललं होतं त्याला विचारावी.

दुसरा प्रश्न मतदानाचा. ज्यांचे सगळे व्यवहार न्यायालयाने नेमलेला पालक पाहतो, अशा सुमारे ८५ हजार प्रौढांना जर्मनीत मतदानच करता येत नव्हतं. आयुक्त असताना वेरेना याविरुद्ध बोलत राहिली. ती पायउतार झाल्यानंतर, २०१९च्या सुरुवातीला घटना न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक होती. अर्ज करणाऱ्यांना तिच्यात मतदान करता येईल असा वेगळा आदेशही न्यायालयाने दिला.

मे २०१८ पासून ती व्हीडीके या संघटनेची अध्यक्ष आहे. सदस्यसंख्या वीस लाखांच्या वर, जर्मनीतली सर्वांत मोठी सामाजिक संघटना. १९५० मध्ये ती स्थापन झाली ती दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक आणि युद्धात मेलेल्यांची कुटुंबं यांच्यासाठी. योगायोग असा की ज्या मारबुर्गमध्ये वेरेना शिकली, तिथली अंधांची संस्थाही युद्धातूनच जन्मली होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या तरुणांचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून १९१६ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्या उभारणीत कार्ल स्ट्रेल हा स्वतः अंध असलेला माणूस होता. आता व्हीडीकेकडे सैनिक जवळजवळ उरलेले नाहीत. येतात ते तुटपुंज्या पेन्शनवर जगणारे वृद्ध, घरीच आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्या लेकी-सुना, काम करताना अपंगत्व आलेले कामगार. वेरेना टीव्हीवरच्या चर्चांमधून मंत्र्यांशी पेन्शन आणि शुश्रूषेच्या खर्चावर वाद घालते. नवख्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांना ती कधी काळी बंदूक घेऊन बर्फावर धावत होती हे ठाऊकही नसतं.

तिकडे ट्रॅकवर नवी पोरं आली आहेत. बीजिंगला २०२२ मध्ये लिन काट्समायर ही पंधरा वर्षांची जर्मन मुलगी पाच पदकं घेऊन गेली, त्यांत क्रॉस-कंट्रीचं एक सुवर्ण. अठरा वर्षांच्या लिओनी वाल्टरने बायथलॉनचं सुवर्ण मिळवलं. दोघींच्याही पुढे तरुण गाइड धावत होते: एकीचा फ्लोरियान बाउमान, दुसरीचा पिर्मिन स्ट्रेकर. अधिकृत निकालपत्रात ही दोन नावं खेळाडूंच्या नावांखालच्याच ओळीत छापलेली आहेत.